तळपायाची वाटी

आई लग्न होऊन चामोर्शीला आली त्याच महिन्यात तिने तिच्या मामाला या वाटीत खीर वाढली. दोष तिचा नव्हता. फडताळावर जर्मलची पातेली, काळवंडलेले पितळी गंज, स्टीलच्या चार नव्या ताटल्या. आणि बाजूच्या कोनाड्यात ही एकटी, राखेने घासलेली, जुन्या सोन्यासारखी पिवळी. नव्या सुनेला वाटलं, पाहुण्यांसाठीच जपून ठेवली असणार. मामाने खीर दोनदा मागून घेतली. आजी चुलीपाशी बसून सगळं बघत होती. मामाने वाटी बोटाने पुसून खाली ठेवली तेव्हा तिने विचारलं, "गोड लागली नं?" मामा म्हणाला, लागली. तेव्हा आजी म्हणाली, "थे पायाची वाटी होय, बापा."

माझ्या जन्माआधीची ही गोष्ट. पण घरात इतक्या वेळा ऐकली की मामाचा चेहरा कसा झाला असेल ते मी आजही करून दाखवतो.

तर ही काशाची वाटी. आकाराने अर्ध्या संत्र्याएवढी. काठ जाड, बूड गोल. जमिनीवर ठेवली की सरळ बसत नाही, एका कुशीवर कलते आणि थोडा वेळ डोलत राहते. काठाला एक टवका उडालेला आहे, साधारण तांदळाच्या दाण्याएवढा. हातात घेतली की आधी वजनाने चकवते. एवढीशी वस्तू इतकी जड असेल असं वाटत नाही. नखाने टिचकी मारली तर वाजते, आणि आपण दुसऱ्या कामाला लागेपर्यंत वाजतच राहते.

या आवाजावरून तिला ओळखणारी एक बाई मला आठवते. 1960च्या दशकात पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने आमच्या चामोर्शी-मुलचेरा भागात जमिनी देऊन वसवलं. त्यांच्यापैकी एक म्हातारी बाजाराच्या दिवशी मासे विकायला यायची आणि उन्हाची आमच्या ओसरीवर टेकायची. एकदा तिने कोनाड्यातली वाटी न विचारता उचलली, टिचकी मारली, कानाजवळ धरली आणि म्हणाली, "काँसा!" तिच्या माहेरी काशाची थाळी होती, बाळाला पहिला भात त्यात भरवायचे. थाळी तिकडेच राहिली. वाटी कशासाठी आहे हे आजीने खुणेने, स्वतःच्या टाचेवर गोल फिरवून सांगितलं, तेव्हा म्हातारी हसली आणि आपला पाय पुढे करून बसली. मासळीच्या पाण्यात दिवसभर भिजलेला तो पाय. आजीने खरंच घासून दिला. त्या दिवशी आमच्याकडे झिंगे फुकट आले.

काशाचा जन्म तसा कष्टाचाच. साधारण 78 भाग तांबं आणि 22 भाग कथिल. तांबं मऊ, कथिल त्याहून मऊ. पण या मापात एकत्र आले की दोघं कडक होऊन बसतात. थंड असताना हातोडा मारला तर काशाला तडा जातो. म्हणून कारागीर गोळा लालबुंद तापवतो, तापलेला असेपर्यंतच ठोकतो, विझत आला की पुन्हा भट्टीत घालतो, आणि शेवटी लाल असतानाच पाण्यात बुडवतो. पोलाद असं पाण्यात विझवलं तर ठिसूळ होतं. काशाचं उलट, त्याचा ठिसूळपणा या बुडवण्याने कमी होतो. कमी होतो म्हणजे जात नाही. पितळेचं भांडं पडलं तर पोचा येतो, काशाचं पडलं तर फुटतं. देवळातली घंटा आणि भजनातले टाळ याच धातूच्या जातीचे, तेव्हा वाजणं हा तिचा वंशाचाच गुण. आणि एक मोठेपणा: पितळेला कल्हई लागते, काशाला लागत नाही. कल्हईवाला दारात आला की आमचे सगळे गंज बाहेर जायचे, ही कोनाड्यातून बघत बसायची.

आजीने ती मार्कंड्याच्या जत्रेत घेतली. मार्कंडा देव चामोर्शी तालुक्यातच, वैनगंगेच्या काठावर. नदी तिथे वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि काठावरच्या देवळांच्या भिंती मूर्तींनी अशा भरलेल्या आहेत की लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते. आजी लग्नानंतरच्या पहिल्या शिवरात्रीला पायी गेली होती. तेव्हा गडचिरोली जिल्हा नव्हता (तो झाला 26 ऑगस्ट 1982ला), सगळा मुलूख चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा. भंडाऱ्याकडचा एक कासार भांडी मांडून बसला होता. देवदर्शन झालं, तळवे फोडांनी भरलेले होते, आणि आबाजींनी, म्हणजे आजोबांनी, विचारलं, काय घेऊन देऊ? बांगड्या मागेल असं त्यांना वाटलं असावं.

शेजारीच नाव काढणारा बसला होता. त्याने ठिपक्याठिपक्यांनी वाटीच्या पोटावर आजीचं नाव काढलं. पण गडी घाईत असावा. ओळ सरळ न काढता तिरकी काढली. ‘सौ.’ काठाजवळ सुरू झाला आणि पुढचं नाव उतरत उतरत बुडाकडे गेलं. त्या वेळी ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आली नाही.

वाटीचं काम समजायचं तर आधी आमच्याकडचे पाय समजले पाहिजेत. हा धानाचा मुलूख. जुलै लागला, पऱ्हे वीतभर झाले, बांधीत पाणी साचलं की रोवणी सुरू. बाया गुत्त्याने रोवणी करतात. सकाळी चिखलात उतरतात त्या दिवस मावळताना बाहेर येतात. वाकलेली पाठ सगळ्यांना दिसते, चित्रातसुद्धा येते. पाय दिसत नाहीत, ते पोटरीपर्यंत चिखलात असतात. संध्याकाळी बोरिंगवर पाय धुतले की खरं रूप कळतं: तळवे पांढरेफटक, भिजलेल्या कागदासारखे सुरकुतलेले, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, टाचेवर आडव्या भेगा आणि त्या भेगांत बसलेला काळा चिखल, जो कितीही धुतला तरी निघत नाही. एक बाई गमतीने म्हणायची, आमच्या बांधीचा सातबारा आमच्या टाचेत लिहिलेला आहे.

चिखल्यांपाशी वाटी जात नाही. तिचं बूड बोटांच्या बेचक्यात शिरत नाही, आणि ओल्या जखमेवर ती घासूही नये. तिथे हळद आणि करंजाचं तेल, नाहीतर मेंदी. वाटीचा अंमल टाच, तळव्याचा खळगा आणि बोटांमागची उशी एवढ्यावरच. एवढ्या जागेत मात्र ती कोणाला जुमानत नाही.

आजीची रीत ठरलेली होती. आधी पाय कोमट पाण्याने धुवायचा आणि पंच्याने कोरडा करायचा. मग तेल. तूप परवडायचं नाही. ते उन्हाळ्यात, डोळ्यांची आग होते म्हणून, आणि तेही चमचाभर. एरवी टोळीचं तेल. मोहाचं फूल गोळा करतात ते सगळ्या जगाला ठाऊक आहे. फुलामागून फळ येतं, फळातली बी म्हणजे टोळी, आणि तिचं तेल घट्ट, पिवळट, हिवाळ्यात वाटीत गोठून बसणारं. ते तळहातावर चोळून सैल करायचं, पायाला लावायचं. मग वाटी पालथी धरायची, म्हणजे पोकळी हातात आणि बूड पायाकडे. तीन बोटं आत, अंगठा आणि करंगळी बाहेरून. टाचेवर गोल, खळग्यात लांब, बोटांकडून पुन्हा टाचेकडे. घासताना एक आवाज येतो. घंटेचा नव्हे, दाबून धरलेला, दूर कुठे जातं फिरत असावं तसा. पहिली पाच मिनिटं पाय ताठ असतो. मग बोटं आपोआप फाकतात. मग माणूस बोलायचा थांबतो.

तळव्याला तेल लागतंच, कारण त्याच्यापाशी स्वतःचं काही नसतं. अंगावरच्या बाकी कातडीला तेल पुरवणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. तळहात आणि तळपाय यांना त्या नाहीतच. घामाच्या ग्रंथी मात्र दाटीने. म्हणजे ज्या कातडीला सगळ्यात जास्त घासायचं, तिलाच कोरडं ठेवलेलं. चरकापासून वाग्भटापर्यंत सगळ्यांनी पायाला तेल लावा म्हणून सांगितलं आहे. त्याने खरखर, थकवा, बधिरपणा जातो आणि दृष्टी निवळते असं ते म्हणतात. दृष्टीचं मला माहीत नाही. खरखर जाते, हे मी टाचेवर हात ठेवून सांगतो.

आता काळ्या तुपाविषयी. वाटीने पाय घासला की तूप हळूहळू राखाडी, मग काळं होतं. सगळे म्हणतात, अंगातली उष्णता निघाली. जितकं काळं तितकी उष्णता जास्त. माझ्या लहानपणी यावर स्पर्धा व्हायची. ज्याचं तूप सगळ्यात काळं तो सगळ्यात कष्टाळू. एकदा शाळेतून काहीतरी शिकून आलो आणि दुपारी कोणी नसताना पाट्यावर तूप लावून त्यावर वाटी घासली. पाच मिनिटांत पाटा काळाकुट्ट. पाट्याला कुठली आली उष्णता? काशात तांबं भरपूर. घासलं की धातूचे अगदी बारीक कण सुटतात, तुपातली आणि घामातली आम्लं त्यांना धरतात, आणि तूप काळं पडतं. मी विजयी होऊन आजीला बोलावून आणलं. तिने पाटा पाहिला, वाटी पाहिली. म्हणाली, "त्या पाट्यानं सकाळपासून मिरच्या वाटल्या. त्याले नाही होणार उष्णता?" आणि पाटा मला धुवायला लावला.

हे वाटीच्या स्वभावातलं मला फार आवडतं. तिच्याविषयी काहीही बोला, ती खोडून काढत नाही. ती थोडी झिजते, त्या झिजेचाच काळा रंग होतो आणि लोक त्याचं श्रेय आपल्या उष्णतेला देतात.

वाटी कोणाच्या पायाला आधी लागायची, याचाही क्रम होता. आबाजी. मग आलेला पाहुणा. मग तापलेलं पोर. मग बाळंतीण. मग शेजारपाजारी, ती उसनी जायची आणि तेलकट होऊन परत यायची, कधी तिच्यातून चार वांगी यायची. या यादीत आजी कुठे होती, हे आम्हा कोणाच्या डोक्यात कधी आलं नाही. तीही बांधीतून यायची. तिच्याही टाचेत सातबारा होता. पण वाटीच्या एका बाजूला कायम तिचा हात होता, आणि दुसऱ्या बाजूला कोणा दुसऱ्याचा पाय.

पुण्याला माझा भाचा नोकरीला आहे. चार वर्षांपूर्वी त्याने मला एका चिनी पद्धतीच्या पायाच्या स्पात नेलं. मंद दिवा, लाकडी बादलीत कढत पाणी, त्यात कसलासा पाला, मग मागे रेलायची खुर्ची आणि वाफाळता चहा. भिंतीवर तळव्याचा रंगीत नकाशा: इथे यकृत, इथे मूत्रपिंड, दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या मुळाशी डोळे. डोळे पाहून मला आजी आणि वाग्भट दोघांची आठवण झाली. भाचा म्हणाला, पाच हजार वर्षांची विद्या आहे, मामा.

पाय धुणं, दाबणं चीनमध्ये जुनं आहे यात शंका नाही. यांगचौ शहराची तर तीन सुऱ्यांसाठी ख्याती आहे: स्वयंपाक्याची, न्हाव्याची आणि पायाची नखं-घट्टे काढणाऱ्याची. तिसरी सुरी हा तिथे मानाचा धंदा. आमच्या न्हाव्याच्या धोपटीतही वस्तऱ्याशेजारी नराणी असायची आणि तो दारात बसून घरातल्या सगळ्यांची नखं काढायचा. सुगीला धान घेऊन जायचा. मान मात्र नराणीला मिळाला नाही. पण भिंतीवरचा तो रंगीत नकाशा, तो इतका जुना नाही. शरीराचे उभे पट्टे पाडून हातापायाचे ठरावीक भाग दाबायचं शास्त्र अमेरिकेतले कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी मांडलं, त्यांचं पुस्तक 1917चं. 1930च्या दशकात युनिस इंगहॅम या अमेरिकन बाईंनी सगळं शरीर तळव्यावर आणून बसवलं. आणि तैवानमध्ये त्याची लाट आणली ती जोसेफ युगस्टर नावाच्या स्विस पाद्रीबाबाने. त्याचे स्वतःचे गुडघे दुखत होते, एक युरोपीय पुस्तक हाती आलं, त्यावरून पाय दाबून बघितला, बरं वाटलं, मग गावाचे पाय दाबायला लागला. तिथे त्याला फादर वू म्हणतात. म्हणजे अमेरिकेतून युरोप, युरोपातून तैवान, आणि तिथून ‘प्राचीन चिनी’ होऊन पुण्यात. यकृताचा ठिपका दाबून यकृत बरं होतं याला पुरावा नाही. पाय दाबल्यावर बरं वाटतं याला पुराव्याची गरज नाही. चीनमधले लोक बोलताना साधंच म्हणतात, पाय धुवायला चाललो.

माझा पाय हातात घेणारी मुलगी मणिपूरची होती. तिने तळव्यावरून अंगठा फिरवला, टाचेपाशी थांबली, खाली वाकून पाहिलं आणि हिंदीत विचारलं, "धान लगाते हो?" मी म्हटलं, हो, तू कसं ओळखलंस? ती म्हणाली, माझ्या आईची टाच अशीच आहे. पुढचा पाऊण तास तिने नकाशाकडे पाहिलंही नाही. मी पाऊस किती झाला, तुमच्याकडे रोवणी कधी, असं विचारत राहिलो. ती टाच घासत राहिली. तिच्याकडे वाटी असती तर बरं झालं असतं असं मला सारखं वाटत होतं. भाच्याने बिल दिलं, ते मला दाखवलं नाही.

आता वाटीचा गुन्हा सांगतो.

आबाजींना शुगर होती. किती वर्षं होती ते नंतर कळलं. एका हिवाळ्यात टोळीचं तेल गोठलं म्हणून वाटीच निखाऱ्यांजवळ तापवून घासायची पद्धत पडली. गरम वाटी आबाजींना फार आवडे. त्या रात्री आजीने वाटी लावली तर ते म्हणाले, "अजून तपव. लागूनच नाही राहिली." तिने तपवली. "अजून." ती पुन्हा उठली. तिच्या हाताला चटका बसत होता म्हणून तिने आत फडकं घातलं. तेव्हा तरी आमच्यापैकी कोणाच्या ध्यानात यायला हवं होतं. सकाळी टाचेवर जुन्या रुपयाएवढा फोड होता, आणि आबाजींना तो दुखत नव्हता.

तीच खरी वाईट बातमी होती, न दुखणं. पुढे तपासणीत एकाने त्यांना डोळे मिटायला लावून नायलॉनचा बारीक धागा तळव्याला टोचून टोचून पाहिला. दहा ग्रॅमचा दाब पडला की तो वाकतो. आबाजी डोळे मिटून वाट बघत बसले. शेवटी म्हणाले, "सुरू कवा करता?" धागा सहा ठिकाणी टोचून झालेला होता.

फोडाची जखम झाली, जखम महिनेच्या महिने चालली. पाय वाचला. आजीने वाटी कोनाड्यातून काढली, फडक्यात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. टाकताना ती जोरात आपटली. टवका आहे तो तेव्हाचा. कोणी काही बोललं नाही. वाटीने नेहमीचंच केलं होतं, जेवढी तापवली तेवढी तापली. पण घरात कोणावर तरी ठपका जावा लागतो, आणि तिला तोंड नव्हतं.

खरं तर न दुखणाऱ्या पायांची निगा कशी राखायची हे चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन जिल्ह्यांनी फार आधी शिकायला हवं होतं. 1949मध्ये बाबा आमट्यांनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापन केली, तिचं आनंदवन पुढे जगाला कळलं. कुष्ठरोगात नस मरते, तळवा बधिर होतो. काटा रुततो, विस्तव लागतो, माणसाला पत्ता नसतो. कुष्ठरोगाचं काम करणारे कार्यकर्ते गावोगाव एक साधी गोष्ट शिकवत आले: बादलीत साधं पाणी घ्या, वीस-तीस मिनिटं पाय भिजवा, घट्टा हलक्या हाताने घासा, पाय ओला आहे तोवर तेल लावा, आणि रोज तळवा डोळ्यांनी बघा. बादली, पाणी, घासणं, तेल. पुण्यातल्या त्या मंद दिव्याखाली मला हेच आठवत होतं. फक्त गावातल्या त्या बादलीपाशी चहा नव्हता. शुगरवाल्याला मात्र पाय भिजत ठेवायची मुभा नाही, आणि पाणी कोमट आहे का ते दुसऱ्याने किंवा स्वतःच्या कोपराने पाहायचं. आबाजींचे पाय पुढे अकरा वर्षं आई रोज धुवायची, बोटांमधलं पाणी टिपायची आणि आरसा धरून तळवा बघायची. तेल हाताने. वाटी वर माळ्यावर.

आबाजी गेले त्यानंतरच्या दिवाळीत माळा झाडताना ती खाली आली. हिरवट पडली होती. आईने चिंच आणि राखेने घासली, आणि तेव्हा प्रथम आम्ही सगळ्यांनी नीट पाहिलं. इतक्या वर्षांच्या टाचांनी आणि राखेने बुडाकडचं सगळं नाव पुसून गेलं होतं. गुळगुळीत. काठाजवळ, जिथे पाय लागत नाही तिथे, ठिपक्यांत स्पष्ट उरलं होतं: ‘सौ.’ नात्यातली एक बाई बसली होती, ती हळूच म्हणाली, आता ते तेवढं कानशीने काढून टाकायला हवं, बरं दिसत नाही. आजी खाटेवरून म्हणाली, "नाव घासून गेलं तवा कोनाले दिसलं नाही. आता सौ. दिसून राहिला!"

ते अजून आहे.

मध्यंतरी तालुक्याला एका प्रदर्शनात यंत्र आलं होतं. खाली दोन काशाच्या थाळ्या विजेवर फिरतात, वर आपण खुर्चीत बसून पाय ठेवायचे. मी आईला घेऊन गेलो. दहा मिनिटं झाली, तूप काळं झालं, चालवणाऱ्याने उष्णतेचं नेहमीचं सांगितलं. आई घरी येताना म्हणाली, "चांगलं आहे. पण दुखतं तिथं ते थांबत नाही."

त्याच रात्री तिने कोनाड्यातून वाटी काढली आणि आजीच्या खाटेपाशी पाट घेऊन बसली. आजी तेव्हा ऐंशीच्या पुढे होती. आईने तिचा पाय मांडीवर घेतला तर तिने तो काढून घेतला. आईने पुन्हा घेतला. पुन्हा काढून घेतला. शुगर नाही, जखम नाही, डॉक्टरने पाय पाहिलेला, मग काय झालं? आईने पाय घट्ट धरून वाटी टाचेवर ठेवली मात्र, आजी किंचाळली, आणि आम्हाला कळलं की ती हसते आहे. तिला गुदगुल्या होत होत्या. त्या तळव्याला चिखल, काटे, धस्कटं, तेंदूच्या हंगामातली तापलेली माती, सगळं लागलेलं. दुसऱ्या माणसाचा हात काय तो लागला नव्हता. ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं आणि पदराने पुसावं लागलं. मग दम खाऊन आईच्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाली, "तीन बोटं आत टाक. तशी नाही धरत."

आईने तीन बोटं आत टाकली. टाचेवर गोल, खळग्यात लांब. पाय बराच वेळ ताठ होता. मग बोटं फाकली. आजी गावातल्या कोणाच्या तरी सुनेबद्दल काहीतरी सांगत होती, ते अर्ध्यातच थांबलं. दिव्याच्या उजेडात तिच्या टाचेच्या भेगा वाळलेल्या बांधीसारख्या दिसत होत्या. झोपली असं समजून आई वाटी खाली ठेवायला गेली, आणि तेलकट हातातून ती निसटली. सारवलेल्या जमिनीवर पडली, कलंडली, गोल फिरली आणि वाजत राहिली.

आजीने डोळे उघडले नाहीत. "फुटली का वो?"

"नाही, आत्या."

"मंग दुसरा पाय घे."